दोन तारांचं विमान

कंट्रोल लाइन विमानाच्या किटचं खोकं पहिल्यांदा उघडणाऱ्याची बहुधा निराशाच होते. झाकणावर झोकदार लाल-पिवळं विमान उलटं होऊन झेपावत असतं. आत निघतात बाल्साच्या फळ्या आणि पट्ट्या, एकसारख्या दिसणाऱ्या डझनभर फासळ्या, प्लायवुडचे काही तुकडे, वाकवलेली जाड तार, घडी घातलेला मोठा नकाशा आणि पुडीत बांधलेली एक त्रिकोणी चकती. विमान म्हणावं असं त्यात काहीच दिसत नाही. इंजिन वेगळं घ्यायचं, चाकं बहुतेक वेळा वेगळी, तारा आणि मूठही वेगळी. सूचनांच्या कागदावर मोजकी वाक्यं असतात आणि त्यातलं एखादं असं असतं: ‘नेहमीच्या पद्धतीने पंख पूर्ण करा.’ ही नेहमीची पद्धत कोणती, ते सांगणारं मराठीत काही नव्हतं. तुमच्या हातातलं पुस्तक मुख्यतः त्या एका वाक्यासाठी लिहिलेलं आहे.

ज्यांनी हे विमान उडताना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. यात रेडिओ नाही. उडवणारा मैदानाच्या मधोमध उभा राहतो. त्याच्या हातातल्या मुठीच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून एकेक बारीक पोलादी तार निघते आणि पंधरा ते एकवीस मीटरवरच्या विमानाच्या आतल्या पंखात शिरते. पंखाच्या पोटात ती त्रिकोणी चकती, म्हणजे बेलक्रँक, एका खिळीवर फिरत असते. तारा तिच्या दोन कानांना जोडलेल्या असतात आणि तिसऱ्या कानातून एक दांडी शेपटाकडे जाऊन एलेव्हेटर हलवते. मनगट मागे झुकवलं की विमान वर, पुढे झुकवलं की खाली. बाकी विमान गोल गोल फिरतं आणि त्याच्याबरोबर उडवणाराही फिरतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाला गरगरतं. नजर विमानावर ठेवली आणि मागची झाडं-इमारती बघितल्या नाहीत, तर ते लवकर थांबतं.

विमान तारांना ताणून धरतं ते गोफणीतल्या दगडासारखं. साधारण साठ फुटी तारांवर सव्वा किलोचं विमान सव्वापाच सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर त्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पडतो आणि हाताला साडेतीन किलोच्या आसपास ओढ लागते. ही ओढ आहे तोवर ताबा आहे. विमान डोक्यावर आलं की त्याचं वजन या ओढीतून वजा होतं, आणि इंजिनने तिथेच मान टाकली तर तारा सैल पडतात. सैल तारेतून कुठलाही हुकूम पोचत नाही.

यातून जे निघतं त्यात या छंदाचं सगळं मर्म आहे, असं मला वाटतं. उडवणाऱ्याच्या हातात फक्त एलेव्हेटर असतं. डावं-उजवं, तिरपं, वेग कमी-जास्त, यातलं काहीच जुन्या पद्धतीच्या विमानात हवेत असताना बदलता येत नाही. म्हणून ते सगळं आधीच, टेबलावर, लाकडात घालून ठेवावं लागतं. बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं शिसं ठेवतात, कारण आतल्या पंखावर तारांचं वजन असतं. तारा पंखातून बाहेर पडतात ती जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे घेतात, म्हणजे नाक किंचित बाहेर राहून तारा ताठ राहतात. बऱ्याच जुन्या आराखड्यांत आतला पंख बाहेरच्यापेक्षा जरासा लांब दिसतो. ती सुताराची चूक नव्हे, आतल्या पंखाचा वेग बाहेरच्यापेक्षा कमी असतो त्याची भरपाई आहे. रेडिओच्या विमानात बांधणीतल्या बऱ्याचशा चुका उडवणारा ट्रिमने झाकू शकतो. इथे झाकायला काही नाही. बांधणाऱ्याने जे बांधलं तेच उडतं.

दोन तारांवर विमान उडवण्याचा हा शोध नक्की कुणाचा, यावर अमेरिकेत चक्क कोर्टबाजी झाली. १९३०च्या दशकात ब्राउन ज्युनियरसारखी छोटी पेट्रोल इंजिनं बाजारात आली आणि मुलं विमानं मोकळी सोडू लागली. विमान सुटलं की त्याच्यामागे शेतं तुडवत धावायचं आणि सापडलं तर नशीब. त्याला बांधून ठेवायची कल्पना अनेकांना सुचली. टेक्सासच्या व्हिक्टर स्टँझेलने काठीला बांधलेल्या एकाच दोरीवर फिरणारं विमान विकायला आणलं. ऑरेगन राज्यातल्या ओबा सेंट क्लेअरने १९३७ साली ‘मिस शर्ली’ हे विमान तारांनी वर-खाली करून दाखवलं. पण त्याच ऑरेगनमध्ये, पोर्टलँड शहरात, जिम वॉकर नावाचा हुशार कारखानदार होता. त्याच्या अमेरिकन ज्युनियर कंपनीने ‘फायरबॉल’ हे किट काढलं, या पद्धतीला ‘यू-कंट्रोल’ असं विकाऊ नाव दिलं आणि १९४२ साली पेटंटही मिळवलं. वॉकर प्रात्यक्षिकांत एकदम तीन विमानं उडवायचा: दोन हातांत दोन आणि तिसरं डोक्याला बांधून! पुढे पेटंटच्या रॉयल्टीवरून कॉक्स कंपनीशी खटला उभा राहिला. त्यात सेंट क्लेअरचं आधीचं काम पुरावा म्हणून पुढे आलं आणि वॉकरचं पेटंट टिकलं नाही. शोध सेंट क्लेअरच्या नावावर गेला, तरी हा खेळ घरोघरी पोचवला तो वॉकरने. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्हींचं श्रेय द्यायला हरकत नसावी.

महायुद्ध संपलं आणि या छंदाला भरती आली. १९४७ साली रे आर्डनने ग्लो प्लग आणला. त्याआधीच्या इंजिनांना ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असं सगळं बिऱ्हाड बरोबर न्यावं लागे. ग्लो प्लगने ते एका फटक्यात उतरवलं. मेथॅनॉल, त्यात थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणाला एरंडेल, एवढ्यावर इंजिन पळू लागलं. (एरंडेल पोटात घेण्यापेक्षा इंजिनात जळताना कितीतरी बरं वाटतं. जुन्या मंडळींना तो धूर अत्तरासारखा आठवतो.) ब्रिटन आणि युरोपात मात्र इथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालणाऱ्या छोट्या डिझेल इंजिनांचं राज्य होतं. इंग्लंडात कील क्राफ्टची किटं, अमेरिकेत स्टर्लिंग, टॉप फ्लाइट आणि व्हेको यांची. कॉक्सने तर प्लास्टिकचं तयार पीटी-१९ विमान काढलं. त्याचे पंख रबरबँडने बांधलेले, आपटलं की सुटे व्हायचे आणि पुन्हा जोडता यायचे. सोव्हिएत संघात हेच काम दोसाफ ही सरकारपुरस्कृत संस्था आणि मुलांची विमानमंडळं करत होती.

खेळाचे प्रवाहही याच काळात वेगळे झाले. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या नियमांत त्यांना एफ-२ या गटात जागा आहे. वेगाच्या स्पर्धेत तारेची लांबी १७.६९ मीटर ठरलेली आहे, म्हणजे नऊ फेऱ्यांचा बरोबर एक किलोमीटर होतो. अडीच सीसीचं इंजिन तिथे ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात पळतं आणि एक फेरी दीड सेकंदाच्या आत पुरी होते. टीम रेसमध्ये तिघे उडवणारे एकाच वर्तुळात एकमेकांना खेटून फिरतात. विमान इंधनासाठी उतरलं की जोडीदार मेकॅनिक ते पकडतो, काही सेकंदांत टाकी भरतो आणि पुन्हा सोडतो. काँबॅटमध्ये शेपटाला कागदी पट्टी बांधून एकमेकांची पट्टी कापायची. त्या विमानांचं आयुष्य अर्थातच फार नसतं. अमेरिकेत विमानवाहू जहाजाच्या लाकडी डेकवर आकडा अडकवून उतरायचीही एक गमतीदार शाखा आहे.

पण किट जोडणाऱ्याला सगळ्यात जास्त काही देते ती हवाई कसरतींची शाखा, ज्याला सगळीकडे नुसतं ‘स्टंट’ म्हणतात. लूप, उलटं उड्डाण, चौकोन, त्रिकोण, आडवे आणि उभे आठ, वाळूघड्याळ आणि शेवटी चार पानांचं क्लोव्हर. प्रत्येक आकृतीचा तळ जमिनीपासून दीड मीटरवर यायला हवा, कोपरे धारदार हवेत आणि तीन लूप एकावर एक बसायला हवेत. या आकृत्यांनी विमानाचा आराखडा घडवला. सुरुवातीची विमानं दणकट आणि अवजड होती. टेक्सासच्या जॉर्ज ऑल्ड्रिचच्या ‘नोब्लर’ने १९५०च्या दशकात नमुनाच घालून दिला: हलका, जाड पंख आणि एलेव्हेटरच्या उलट दिशेने हलणारे फ्लॅप, म्हणजे नाक वर होताना पंखालाही जास्तीची उचल मिळते. टॉप फ्लाइटने त्याचं किट काढलं आणि पुढच्या कित्येक आराखड्यांच्या मुळाशी नोब्लर सापडतो. त्याच सुमारास मॅट कानियाने स्टर्लिंगसाठी ‘रिंगमास्टर’ आखला. बेचाळीस इंची पंख, फ्लॅप नाहीत आणि धड म्हणजे बाल्साची एकच जाड फळी. नोब्लर हे खानदानी विमान आणि रिंगमास्टर पोराटोरांचं. पण आजही दर ऑक्टोबरात जगभरचे हौशी लोक ठरवून रिंगमास्टर उडवतात आणि उड्डाणांची मोजदाद करतात. नोब्लरच्या नशिबी असा उत्सव नाही.

रिंगमास्टरच्या नाकावर बहुधा फॉक्स ३५ हे इंजिन असे. त्याची एक खोड स्टंटवाल्यांना फार आवडायची. सरळ उड्डाणात ते जरा ‘श्रीमंत’, म्हणजे इंधन जास्त असलेल्या मिश्रणावर, चार ठोक्यांच्या जड आवाजात घुरघुरत राही. नाक वर केलं की आवाज तीक्ष्ण होऊन ते दोन ठोक्यांवर येई, म्हणजे नेमकी लागेल तिथे जास्त ताकद देई, आणि आडवं होताच पुन्हा घुरघुर. वेग सांभाळणारी ही यंत्रणा कुणी वेगळी बसवलेली नव्हती. सुई, टाकी आणि पंखा यांच्या जुळणीतूनच ती साधायची. टाकी दोन मिलिमीटर वर-खाली झाली की सरळ आणि उलट्या उड्डाणातल्या फेरीचा वेळ वेगळा पडायचा. आजची विजेची विमानं हेच काम इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरवर करतात, आणि ते जास्त बिनचूक होतं हे मान्य करायलाच हवं.

या शाखेत एक जुना वाद आहे, तो वाचकाने आधीच समजून घेतलेला बरा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्टंट स्पर्धेत ज्याने उडवायचं त्यानेच विमान बांधलेलं असावं असा नियम आहे आणि विमान दिसतं कसं याला वीसपर्यंत गुण आहेत. आंतरराष्ट्रीय एफ-२-बी स्पर्धेत दिसण्याला गुण नाहीत, तिथे बघतात ते फक्त उड्डाण. त्यामुळे एकीकडे आरशासारख्या रंगवलेल्या विमानांची परंपरा, तर दुसरीकडे युक्रेनच्या यात्सेन्को बंधूंनी तयार करून विकलेली, सुटी करून पेटीत घालता येणारी विमानं. विमानतळावर सामान द्यावं लागणाऱ्या स्पर्धकाला दुसरा मार्ग सोयीचा वाटला तर दोष देता येत नाही. माझा कल मात्र पहिल्या बाजूला आहे. ज्याने पंख बांधलेला नाही त्याला तो पंख डावीकडे का कलतो हे कळायला फार वेळ लागतो.

पंख बांधणं म्हणजे काय, याचा एकच तुकडा जवळून दाखवतो. बेलक्रँक पंखाच्या आत बसतो, म्हणून तो पंख झाकण्यापूर्वी बसवावा लागतो. प्लायवुडच्या पाटीला भोक, त्यात खिळी, खिळीवर चकती, वर वॉशर. चकती सैल नको आणि जड तर मुळीच नको. पंखातल्या तारा, ज्यांना लीड-आउट म्हणतात, तिच्या कानांतून ओवून नीट गुंडाळायच्या. त्या वाकतात तिथे पितळी नळीचा तुकडा घालायचा, नाहीतर पोलाद रोजच्या हालचालीने तुटतं. मग फासळ्यांच्या भोकांतून तारा घासत नाहीत ना ते बघायचं. घासल्या तर भोक थोडं कोरायचं. यानंतर वरची बाल्सा चिकटवली की हा सगळा प्रकार कायमचा बंद होतो. उद्या खिळी निघाली, तर पंख फोडण्यावाचून उपाय नाही. विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन उड्डाणापूर्वी तारा तपासतात, तेव्हा परीक्षा खरं तर या झाकल्या गेलेल्या खिळीची असते. लेखकाने या एका पायरीला अख्खं प्रकरण दिलं आहे. मला आधी ते अति वाटलं होतं, आता वाटत नाही.

लाकडाबद्दलही तसंच. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतं आणि एकाच झाडाची दोन फळकुटं वजनात दुपटीने वेगळी निघू शकतात. जुन्या किटांत ठशाने दाबून कापलेले भाग असत. कापण्यापेक्षा चिरडलेलेच जास्त, अशी तेव्हाची थट्टा होती. आता लेझरने कापलेल्या फासळ्या येतात, कडा किंचित करपलेल्या. त्या करपलेल्या कडेवर पॉलिश पेपर हलका फिरवल्याशिवाय गोंद नीट धरत नाही, हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. २०२०च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी बाल्साची मागणी इतकी वाढली की छंदवाल्यांना चांगलं लाकूड मिळेना आणि भाव कडाडले. स्टर्लिंग कधीच बंद झाली होती. टॉप फ्लाइट ज्या समूहात होती त्या हॉबिकोचं २०१८ साली दिवाळं निघालं. आज ही परंपरा पेनसिल्व्हेनियातल्या ब्रोडाकसारख्या लहान उद्योगांवर आणि घरी लेझर मशीन ठेवणाऱ्या मोजक्या माणसांवर चालली आहे.

आपल्याकडे हा छंद आला तो दोन वाटांनी. एक, एनसीसीची एअर विंग. मुंबई, पुणे, नागपूरच्या तुकड्यांतल्या कॅडेटांना एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग असतो आणि वायुसैनिक शिबिरांत कंट्रोल लाइनच्या स्पर्धा होतात. महाराष्ट्रात ज्यांनी हे विमान हाताळलं आहे त्यांतल्या बहुतेकांचा पहिला परिचय खाकी गणवेशातच झालेला असतो. दुसरी वाट परदेशातून आलेल्या काका-मामांच्या बॅगांची. कोलकात्यात एके काळी ‘मिल्स’ या ब्रिटिश इंजिनाच्या धर्तीची डिझेल इंजिनं बनत आणि ती देशभर जात. बाकी इंजिन जुनं, किट अर्धवट आणि सुटे भाग नाहीतच, असा मामला. त्यातून एक देशी कारागिरी जन्मली: पोळपाटासारख्या सपाट फळीवर पंख बांधणं, सायकलच्या स्पोकची दांडी, दूधपावडरच्या डब्याच्या पत्र्याची टाकी. लेखक याच परंपरेतला आहे आणि ते त्याच्या पानापानात दिसतं. एनसीसीत मुलं उडवायला शिकतात, पण वर्षाअखेरीस बहुतेकांची विमानं गोदामात जातात आणि बांधणी शिकवणारा प्रशिक्षक बदलून जातो. हाताने आलेलं ज्ञान कागदावर न आल्याने दर पिढी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. मराठीत हे पुस्तक हवं होतं ते यासाठी.

आता का, असंही कुणी विचारेल. ड्रोन स्वतःला स्वतःच तोलून धरतो, हात सोडला तरी जागच्या जागी तरंगतो, त्या काळात दोन तारांच्या विमानाचं काय? मला वाटतं, म्हणूनच. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलाला गुरुत्वमध्याचं गणित सुटतं, पण हातातल्या पंखाचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते बोटावर तोलून सांगता येत नाही. इथे ते रोज करावं लागतं. शिवाय जागा कमी लागते. अर्धं फुटबॉलचं मैदान पुरतं, फक्त त्याच्या आसपास विजेच्या तारा नकोत, याबाबत अजिबात तडजोड नको. हातात पोलादी तार घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. आझाद मैदानावर जिथे एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो तिथे अर्थात हा खेळ शक्य नाही. तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर सकाळी सहज शक्य आहे.

पुस्तक एकाच प्रकारच्या विमानावर उभं आहे: फळीच्या धडाचं, फ्लॅप नसलेलं, रिंगमास्टरच्या कुळातलं सुरुवातीचं विमान. खोकं उघडण्यापासून पहिल्या दहा-वीस उड्डाणांपर्यंतच ते नेतं. वेगाची विमानं, टीम रेस, रंगकामाची स्पर्धा यांत ते शिरत नाही आणि ते बरंच आहे. एकच विमान नीट बांधता आलं तर पुढचा आराखडा वाचता येतो. लेखकाने प्रत्येक परदेशी वस्तूला इथे मिळणारा पर्याय दिला आहे, आणि जिथे पर्याय चालत नाही तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे. तारांच्या बाबतीत तो पर्याय देतच नाही. ‘वर म्हणजे वर का?’ ही उड्डाणाआधीची तपासणी त्याने इतक्या ठिकाणी लिहिली आहे की वाचक वैतागेल. दांडी उलट्या बाजूला जोडलेलं विमान सुटल्यावर तीन सेकंदांत जमिनीत घुसतं, हे ज्याने एकदा पाहिलंय तो वैतागणार नाही.

एका बाबतीत मी लेखकाशी सहमत नाही. त्याचं सगळं मन इंजिनात आहे आणि विजेच्या मोटरला त्याने शेवटची थोडीशी पानं दिली आहेत. आज नवीन माणसाला मेथॅनॉल मिळवणं आणि साठवणं कटकटीचं आहे, ते विषारी आहे, आणि शाळेच्या आवारात इंजिनाचा आवाज कुणी सहन करत नाही. बॅटरी, मोटर आणि ठरलेल्या वेळी बंद करणारा टायमर एवढ्यावर पाच मिनिटांचं शांत, न माखणारं उड्डाण मिळतं, आणि पंख, बेलक्रँक, शेपूट यांत काहीच बदलत नाही. हे मी त्याला हस्तलिखित वाचताना सांगितलं. त्याने मोटरच्या बैठकीचा एक नकाशा आणि वजनाचा तक्ता वाढवला आणि उरलेलं तसंच ठेवलं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हा वाद पुन्हा काढायचा माझा विचार आहे. तोवर ज्यांना इंजिन परवडत किंवा झेपत नाही, त्यांनी तो तक्ता आधी उघडावा आणि मग पहिल्या प्रकरणाकडे यावं.